तारेखाली आठ कार्डं

वाद्याची तार आणि तिच्याखाली मानेवर आडवा बसवलेला पडदा यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यावर माझं घर चाललं असं सांगितलं तर लोक हसतात. पण ते खरं आहे. महाडच्या बाजारपेठेतल्या माझ्या दुकानात तंबोरे आले, सतारी आल्या, नाटकवाल्यांचा दिलरुबा आला. कुणाची खुंटी सैल असायची, कुणाचा भोपळा तडकलेला असायचा. ते काम कुठलाही जरा सावध सुतार करील. ती फट मात्र माझ्याकडेच यायची. तार पडद्यापासून फार वर असली तर वाजवणाऱ्याची बोटं सोलतात आणि दाबताना सूर चढतो. फार खाली असली तर तार पडद्यावर थडथडते, माशी अडकल्यासारखी. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. ती प्रत्येक वाद्याची वेगळी, आणि हे कळायला मला बराच काळ लागला, प्रत्येक वाजवणाऱ्याचीही वेगळी.

वडील महाडात बैलगाड्या आणि दरवाजे करायचे. मी मिरजेला जाऊन सहा वर्षं वाद्यांचं काम शिकलो आणि परत आलो. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि सावित्रीच्या बंदरात पडाव लागत होते. वडिलांना वाटलं पोरगा वाया गेला. "कोकणात सतार कोण वाजवतो?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे. सतारी फार नव्हत्याच. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. मिरजेत कोरड्या हवेत बनलेलं वाद्य आमच्याकडे आलं की चार महिने पाणी पितं. तबली, म्हणजे वरची पातळ फळी, फुगते, तिच्यावर बसलेली, तारांना टेकू देणारी घोडी उचलली जाते आणि घोडीबरोबर तारा. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की सगळं पुन्हा खाली. म्हणजे वर्षातून दोनदा तेच वाद्य माझ्याकडे यायचं. माझ्या धंद्याला कोकणची हवा लाभली असं मी वडिलांना म्हणायचो, तेव्हा ते पान लावायला घ्यायचे आणि विषय बदलायचे.

फट मोजायला मिरजेच्या वस्तादांकडे पितळेच्या पातळ पट्ट्या होत्या. माझ्याकडे त्या नव्हत्या. मी पोस्टकार्डं वापरायचो. कोरडी, न मुडपलेली कार्डं घ्यायची, बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या आणि तारेखाली एकेक सरकवत जायचं. तार हलली की थांबायचं आणि मोजायचं. सतारीला इतकी कार्डं, दिलरुब्याला इतकी, तंबोऱ्याच्या घोडीला इतका उतार, असं मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. ती भिंत बघून मला स्वतःचा मोठा अभिमान वाटायचा.

हा अभिमान शिवथरच्या गोविंदबुवांनी उतरवला.

गोविंदबुवा देवळात भजन म्हणायचे. वय सत्तरीचं, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. त्यांचा तंबोरा त्यांच्या पुतण्याने खांद्यावरून खोऱ्यातून खाली आणला आणि दुकानात ठेवला. एक खुंटी तुटली होती, तेवढी बसवायची होती. मी तारा छेडून बघितल्या. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार असतो. त्या उतारावर तार जेमतेम टेकते, म्हणून तो गुंजणारा आवाज निघतो. बुवांच्या घोडीला तारांनी खोल चरे पाडले होते. आवाज फाटका, खरखरीत. मला राहवलं नाही. खुंटी तर बसवलीच, पण घोडी काढून घासली, भिंतीवरच्या आकड्याने नवा उतार दिला, तारा पुन्हा चढवल्या. मिरजेत ऐकला असता तर वस्तादांनी पाठ थोपटली असती असा आवाज निघाला. मी स्वतः शिवथरला पोचवायला गेलो. कौतुक ऐकायचं होतं ना.

बुवांनी तंबोरा मांडीशी उभा धरला, तारा छेडल्या आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सुतारा, ह्यो चांगला वाजतोय रे. लई चांगला वाजतोय. पण ह्यो माझा नाय."

मी म्हणालो, "बुवा, तोच आहे. फक्त घोडी साफ केली."

"तीच तर माझी व्हती. तिची जी खरखर हाय ना, तिला धरून मी सूर लावायचो. चाळीस वरसं. आता कुठं धरू?"

घोडी हाडाची, आणि घासलेलं हाड पुन्हा वाढत नाही. मी दुसरी घोडी केली, मुद्दाम चरे पाडले, तरी ती खरखर काही आली नाही. बुवांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. तंबोरा त्यांनी देवळाला देऊन टाकला आणि पुढे एकतारीवर म्हणत राहिले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी शिवथरला गेलो की देवळामागून जायचो. आजही ते काम मला पुन्हा पहिल्यापासून करायला मिळावं असं वाटतं. पहिल्या खेपेहून परतल्यावरच मी भिंतीवरचे आकडे ओल्या फडक्याने पुसले आणि ठरवलं, वाजवणारा समोर बसल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, भाद्रपदात, पोलादपूरहून रोजाबाई आली.

सर्व्हिस मोटारीतून उतरून ती सरळ दुकानात आली. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं. चादर सोडली तर आत कमरेला बारीक असं एक वाद्य. सहा तारा, सपाट मान, आणि पडदे लाकडात ठोकून कायमचे बसवलेले.

"गितार," ती म्हणाली. "ह्याच्या तारा खाली करून द्या. माझ्या नवऱ्याला दाबवत नाहीत."

मी असं वाद्य कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिलं होतं. हातात पहिल्यांदाच आलं. तिचा नवरा कायतान गोव्याचा, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर सुरुंग लावणाऱ्यांचा मुकादम. श्रावणात घाटात दरड आली. रस्त्यावर आलेला खडक फोडताना एक दगड त्याच्या डाव्या हातावर बसला. हाडं जुळली होती, पण मधली दोन बोटं वळेनात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात चालवला नाही तर बोटं अशीच लाकडासारखी राहतील.

"मग चालवत का नाहीत?" मी विचारलं.

"एकदा गितार घेतली. तार दाबली, आवाज आला नाही. ठेवून दिली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडतो. जेवण दिलं तर जेवतो, नाही दिलं तर मागत नाही." ती थांबली. "मुकादम असताना ह्या माणसाचा आवाज घाटाच्या खाली ऐकू यायचा, मिस्त्री. आता घरात ऐकू येत नाही."

मी सांगितलं, "बाई, वाद्य एकटं घेऊन मी काही करणार नाही. मला त्यांचा हात बघावा लागेल."

"तो येणार नाही."

"मग मी येतो."

दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरला गेलो. कायतान खाटेवर होता. मोठा, रुंद खांद्याचा माणूस, दाढी वाढलेली. मी आलो तरी वळला नाही. "विकून टाका," भिंतीला सांगितल्यासारखा बोलला. "मिस्त्रीला पाहिजे तर मिस्त्रीला द्या."

मी जमिनीवर बसलो आणि काम काढलं. मधल्या पडद्यावर कार्डं सरकवली. सोळा मावली! सतारीवरही मी इतकी फट पाहिली नव्हती. मग शेजारच्या किराणा दुकानातून तराजू आणि वजनं मागून आणली. तारेवर बोटाएवढी लाकडी खुंटी उभी धरली आणि तिच्या डोक्यावर वजनं ठेवत गेलो. तार पडद्याला नीट टेकून स्वच्छ वाजायला अर्धा शेर लागला. तोपर्यंत कायतानची मान थोडी वळली होती.

"काय करतोस?"

"तारेला किती जोर लागतो ते बघतो. आता तुमचं बोट द्या."

"कशाला?"

"ह्या पारड्यात दाबा. दुसऱ्या पारड्यात वजन ठेवतो."

"मी काय गूळ आहे?"

रोजाबाई तोंडाला पदर लावून आत गेली. पण त्याने हात पुढे केला. रागाने का होईना, केला. मधलं बोट पावशेरावर थांबलं. त्याच्या शेजारचं त्याहूनही कमी. कपाळावर घाम आला होता. मी कागदावर लिहून घेतलं आणि त्याला दाखवलं.

"तार अर्धा शेर मागते. तुमच्याकडे पावशेर आहे. मी तारेला पावशेरावर आणतो. एवढंच आहे."

तो कागदाकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं हात मेला. हात मेलेला नव्हता, पावशेराचा होता. त्याने कागद परत दिला नाही, हे मी जाताना पाहिलं.

फुशारकी मारून तर आलो होतो. महाडला पोचेपर्यंत मोटारीत गितार दोनदा चादरीतून काढून बघितली. परक्या देशाचं वाद्य, आत काय आहे ठाऊक नाही.

या वाद्यात तार दोन हाडांवर टेकते. एक मानेच्या वरच्या टोकाला, एक खाली घोडीच्या खाचेत. वरच्या हाडातल्या खाचा मी बारीक कानशीने खोल केल्या. तेवढ्याने वरच्या पडद्यांवर जोर बराच कमी झाला. मग खालचं हाड घासायला घेतलं. इथे एक हिशेब आहे. मधला पडदा बरोबर अर्ध्या तारेवर येतो, म्हणून खालून दोन कार्डं घासली तर तिथे तार एकच कार्ड उतरते. मी सहा कार्डांइतकं घासलं. तीन उतरली. आणि खालचे सगळे पडदे थडथडायला लागले.

सोळाची तेरा झाली होती आणि आवाज आताच फुटका. मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. मानेच्या दोन्ही टोकांना दोरा ताणून धरला. मध्ये उजेड दिसला. मानच पुढे वाकली होती, धनुष्यासारखी. कायतानच्या वडिलांपासूनचं वाद्य, घाटातल्या पावसात वर्षानुवर्षं ताणलेल्या तारांनी वाकवलेलं. मी आजाऱ्याची नाडी न बघता औषध दिलं होतं. शिवथरची शिकवण घेऊन वाजवणाऱ्याला विचारलं, आणि या वेळी वाद्याला विचारायचं राहिलं.

मान सरळ करायचा एकच रस्ता मला माहीत होता. पडदे ठोकलेली पट्टी मानेवर सरसाने चिकटवलेली असते. तिला ऊब दिली की सरस मऊ होतो आणि पट्टी केसभर सरकते. तशीच सरळ फळीला आवळून थंड होऊ दिली की सरस नव्या आकारात पकडतो. तंबोऱ्यावर मी हे केलं होतं. ऊब कमी पडली तर काही होत नाही. जास्त झाली तर सांधा सुटतो आणि मान हातात येते. ऊब द्यायला कोळशाची इस्त्री घेतली, तिचे निखारे मी तीनदा काढले, तीनदा घातले. हाताच्या मागच्या बाजूने लाकूड चाचपत होतो, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसं. बायकोने जेवायला हाक मारली त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

चार दिवस मान फळीला आवळून ठेवली. पाचव्या दिवशी शिकंजा सोडला आणि दोरा धरला. उजेड नाही. दोरा सगळीकडे सारखा टेकला होता. दुकानात कोणी नव्हतं, नाहीतर त्याला मिठी मारली असती.

आता उलटी अडचण. मान सरळ झाल्यावर घासलेलं हाड फार बुटकं ठरलं. नवं हवं, आणि चांगलं कठीण. सतारीच्या घोड्या सांबराच्या शिंगाच्या करतात. वरच्या धनगरवाडीतली भागूबाई शनिवारी तूप घेऊन बाजारात यायची. सांबराची गळून पडलेली शिंगं तिच्या लोकांना रानात सापडायची. तिला मी विचारलं.

"शिंग हाय की," ती म्हणाली. "कशाला हवं रे तुला?"

"घोडीला."

"घोडी घेतलीस? आणि तिला शिंग लावतोस?"

तिच्या शेजारी बसलेल्या बाया इतक्या हसल्या की माझ्या घोडीची गोष्ट दिवसभर बाजारात फिरली. पण पुढच्या शनिवारी तिने हातभर शिंग आणून दिलं, वर सांगितलं, "ह्या बाजूचं घे, ह्ये जुनं हाय. मऊ बाजूचं घेशील तर झिजेल." बरोबर सांगितलं होतं तिने. शिंगाची पारख तिला माझ्यापेक्षा जास्त होती.

त्या शिंगाची मी दोन हाडं केली. पावसाळ्यात तबली फुगून तारा वर जातात, म्हणून एक बुटकं. दिवाळीनंतर तबली बसते, तेव्हा तेच हाड ठेवलं तर तारा थडथडतील, म्हणून दुसरं दोन कार्डं उंच. एकाच वाद्याला दोन ऋतूंची दोन हाडं ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती. तारा सतारीच्या, एक नंबर बारीक चढवल्या. मधल्या पडद्यावर कार्डं मोजली. आठ. सातव्यावर थडथड, आठव्यावर स्वच्छ. खुंटी उभी धरून वजन ठेवलं. पावशेर ठेवला आणि तार टेकली.

पोलादपूरला पोचलो तेव्हा कायतान खाटेवर बसलेला होता. दाढी केली होती. मी वाद्य त्याच्या मांडीवर ठेवलं. रोजाबाई दारात उभी राहिली, आत येईना.

त्याने उजव्या हाताने मोकळ्या तारा छेडल्या. मग डाव्या हाताचं ते मधलं बोट उजव्या हाताने उचलून तारेवर ठेवलं आणि दाबलं. त्याने तार छेडली.

स्वच्छ सूर निघाला.

त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा छेडलं. मग शेजारचं बोट. तिथे आवाज थोडा दबका आला, पण आला. त्याने मान वर केली, माझ्याकडे रोखून बघितलं आणि घाटाच्या खाली ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मिस्त्री! तिसरी तार उतरलेली आहे! वाद्य असं देतात?"

मी पटकन पुढे होऊन तार चढवायला गेलो. त्याने माझा हात झटकला. "सोड. तुला नाही येत. मीच लावतो."

दारातून हुंदका ऐकू आला. मी वळून बघितलं तर रोजाबाई रडत होती आणि हसतही होती. त्याने तारा लावल्या, तीन-चार सूर जोडले. गाणं काही झालं नाही, मध्येच बोट घसरलं, त्याने शिवी दिली आणि पुन्हा सुरू केलं. मी चहा घेऊन निघालो तेव्हाही तो त्याच तीन-चार सुरांवर होता. माझ्याकडे लक्षही नव्हतं.

मी त्यांना बजावून आलो होतो की हवा कोरडी झाली, तारा थडथडायला लागल्या की या, दुसरं हाड बसवायचं आहे. दिवाळी गेली, कोणी आलं नाही. मार्गशीर्ष गेला. हात पुन्हा बसला असेल, गितार पुन्हा चादरीत गेली असेल, असं माझ्या मनात येऊ लागलं. विचारायला जायचं धाडस होईना.

पौषात एका सकाळी तो दुकानात शिरला. एकटा, गितार पाठीवर. घाटाच्या कामावर परत रुजू झाला होता. सुरुंगाचं काम सोडून आता गाड्यांची देखरेख करत होता, म्हणून इतके दिवस सवड नव्हती म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याने डावी मूठ मिटून दाखवली. एक बोट पुरतं मिटत नव्हतं. बाकी मूठ घणाएवढी होती.

मी जपून ठेवलेलं ते दुसरं, उंच हाड काढलं, बसवलं, तारा चढवल्या. कार्डं मोजली. आठ. बिनचूक. मी वाद्य त्याच्या हातात दिलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

त्याने वाजवलं. एक अख्खं गाणं, गोव्याकडचं असावं. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. गाणं संपल्यावर त्याने गितार माझ्यापुढे धरली.

"चांगलं आहे. आता वर कर."

"वर?"

"तारा. वर कर."

माझ्या सगळ्या धंद्यात लोक तार बोटांना हलकी करून मागायला आले. जड करून मागणारा हा पहिला.

"अहो, आता कुठे बोटं चालायला लागली."

"म्हणूनच. बोटाखाली काही लागतच नाही. आळशी होतील ती."

मी वाद घातला नाही. हाडाखाली कार्डाच्या पट्ट्या सरकवत गेलो, दोन पट्ट्यांना तार एक कार्ड चढते या हिशेबाने. नऊ कार्डांवर त्याने दाबून बघितलं, नाही म्हणून मान हलवली. दहा. पुन्हा मान हलवली. अकराव्याला त्याने ते न मिटणारं बोट तारेवर टेकवलं, दात आवळले आणि दाबलं. सूर निघाला. त्याच्या तोंडावर हसू फुटलं.

"बस," तो म्हणाला. "आता बरोबर. आता जरा दुखतंय."